प्रश्न चौथा, गुण दोन

फळ्याच्या मधोमध मी खडूनं उभी रेघ मारली.
डावीकडे लिहिलं गाव, उजवीकडे शहर.
पुस्तकात तसंच होतं:
गावात लामा, शहरात मोटार,
गावात झरा, शहरात नळ,
गावातला माणूस हसरा, शहरातला घाईत.
चित्रातल्या दोघांचे बूट मात्र एकसारखे.
चित्रकाराकडे बहुधा एकच जोड असावा.

अकरा मुलं. पत्र्याचं छप्पर.
आमच्या पठारावर जूनची थंडी अशी
की पेन काखेत धरून ऊब दिल्याशिवाय उमटत नाही.
रात्रभर माळावर पसरलेले बटाटे गोठतात,
सकाळी अनवाणी तुडवून त्यांचं पाणी काढायचं,
म्हणून अर्धा वर्ग उशिरा येतो,
पोटऱ्यांवर साली चिकटलेल्या.
"हे कुठल्या बाजूला लिहू, बाई?"
एलेउतेरिओनं विचारलं.
"गावाच्या."
"पण खातात तर शहरातलेच जास्त.
आई दर गुरुवारी पोतं घेऊन एल आल्तोला जाते.
परवा तिथल्या एका पोरानं विचारलं,
हे काळे दगड केवढ्याला?"

देल्फिना एल आल्तोहूनच आलेली,
ईस्टरनंतर, चेन तुटलेल्या गुलाबी जाकिटात.
ती म्हणाली, शहरात कुत्र्याला स्वेटर घालतात.
वर्ग खो खो हसला.
कासिमिरानं बारीक आवाजात विचारलं,
"लोकर कुणाची, लामाची?"
"हो."
"मग लामाला काय वाटत असेल?"
हे मी फळ्यावर लिहिलं नाही,
पण डोक्यातून पुसताही आलं नाही.

"तिथे माणसं तारेला लटकलेल्या डब्यात बसून कामाला जातात,"
देल्फिना सांगत होती,
"छपरांवरून. कुणी काय वाळत घातलंय, सगळं दिसतं."
"मग सगळे ओळखीचे झाले असतील."
"दिसतं म्हटलं मी."

प्रश्न चौथा. संकटात माणूस माणसाच्या मदतीला
कुठे अधिक धावतो? गुण दोन.
उत्तर पुस्तकाच्या शेवटी छापलेलं: गावात.

एलेउतेरिओ बाकाची ढलपी सोलत बसला.
मग म्हणाला,
"आमच्या मेंढ्या चिखलात रुतल्या
तेव्हा काकानं पाहिलं आणि तोंड फिरवलं.
बांधाचं भांडण आहे, आजोबांपासूनचं."
कुणीच काही बोललं नाही. काकाची मुलगी
त्याच बाकावर बसते.

देल्फिना म्हणाली,
"बाबा परांचीवरून पडले,
तेव्हा जेली विकणाऱ्या एका बाईनं गाडा तसाच सोडला
आणि गाडी येईपर्यंत त्यांचं डोकं मांडीवर घेतलं.
जेलीचं उन्हात पाणी झालं.
आम्हाला तिचं नावसुद्धा माहीत नाही."

बारा वर्षं मी सोमवारी इथे येते,
शुक्रवारी तीन तास धक्के खात घरी जाते.
इथे म्हणतात, आमच्या शहरच्या बाई.
तिथे माझाच मुलगा विचारतो,
तुझ्या गावाला पाऊस झाला का?
या रेघेवर पाय ठेवून उभं राहायची
मला सवय आहे. शिकवता मात्र येत नाही.

"परीक्षेत 'गावात' लिहा," मी म्हणाले.
खडू मोडला नाही, आवाजही कापला नाही.
दोन गुण म्हणजे दोन गुण,
आणि पेपर तपासायला निरीक्षक बसतात.

देल्फिनानं लिहिलं:
बाई म्हणतात, गावात.
खाली, रेघेबाहेर, बारीक अक्षरात:
त्या जेलीवाल्या बाईचं गाव कुठलं
ते विचारायचं राहून गेलं.

मी दोन गुण दिले.
आधी लाल पेन
बराच वेळ काखेत धरून बसावं लागलं.